अळवावरचं पाणी

एका कबुलीने सुरुवात करतो. गेल्या जूनमध्ये मी तेरा हजार रुपयांचा रेनकोट घेतला. दुकानातला मुलगा त्याला रेनकोट म्हणूच देईना. 'सर, हे शेल जॅकेट आहे' असं त्याने मला तीनदा बजावलं. घरी आईला मी किंमत तीन हजार सांगितली. (आईला सांगायची किंमत काढायचं सूत्र प्रत्येकाच्या घरात असतं. आमच्याकडे खऱ्या किमतीतून दहा वजा करतात.)

जॅकेटच्या बाहीला एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलेलं होतं. त्यावर दोन आकडे होते. वॉटरप्रूफ: २०,००० मिमी. ब्रीदेबल: १५,००० ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति २४ तास. आता आमच्यासारख्या माणसाला आकडा दाखवला की संपलंच. हापिसात दिवसभर बेंचमार्क बघून डोळे गेलेले असतात, त्यामुळे दोन आकड्यांतला मोठा तो चांगला एवढंच कळतं. घेतलं.

जुलैच्या दुसऱ्या वीकांताला पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो. आम्ही चौघं. पाऊस असा की समोरच्याची बॅग दिसत नव्हती. मी मात्र खुशीत होतो, कारण बाहीवर पाण्याचे मोती होऊन टपाटप घसरत होते. तासाभराने खांद्याला गार लागलं. मग पाठीला. दीड तासाने एका कातळाच्या आडोशाला थांबून चेन उघडली तर आतला टी-शर्ट पिळून घ्यावा इतका ओला. तेरा हजार पाण्यात गेले! शब्दशः.

तिथून पाचनईचे एक मामा म्हशी घेऊन खाली उतरत होते. डोक्यावरून घोंगडीची खोळ, पायात प्लॅस्टिकची चप्पल, हातात काठी. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय वो, एवढा भारी कोट घालून भिजलात?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही नाही भिजला?" त्यांनी घोंगडीखालून हात काढून माझ्या हातावर ठेवला. गरम होता. माझा हात बर्फ.

ते चटका लागल्यासारखं झालं. गडावर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्या दुकानदाराला, कंपनीला आणि पुठ्ठ्याच्या कार्डाला शिव्या देत होतो.

पुढच्या शनिवारी इचलकरंजीला घरी गेलो तेव्हा जॅकेट बरोबर नेलं. आईने ते गच्चीवर वाळत घातलं आणि आण्णांनी ते बघितलं.

आण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून या गावात अर्ध्या घरांचं पोट मागावर चालतं. आमचंही चालायचं. आण्णा तीस-एक वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. धोटा उडाला, पिकिंगचा पट्टा तुटला, कापडात आडवी पट्टी पडायला लागली की जॉबरला हाक. हाक म्हणजे हात वर करायचा, कारण साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९५-१०० डेसिबल असतो, तिथे ओरडून काही उपयोग नसतो. तीस वर्षांत आण्णांचे कान गेले. पूर्ण नाही, पण बरेच. दोन वर्षांपूर्वी मालकाने साधे माग भंगारात किलोवर घातले आणि नवे बिनधोट्याचे माग आणले. त्यांची दुरुस्ती करायला कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. आण्णा घरी बसले.

तर आण्णांनी जॅकेट हातात घेतलं, उलटं केलं, दोन बोटांत धरून चोळलं. आत जाऊन ट्रंकेतून पिक मोजायचं घडीचं भिंग आणलं. (कापडावर ठेवायचं, आणि चौकटीत किती उभे-आडवे धागे दिसतात ते मोजायचे. लहानपणी मी त्याने मुंग्या बघायचो.) दोन मिनिटं बघून म्हणाले, "साधी वीण हाय की. एक खाली एक वर. धागा नायलॉनचा, लई बारीक. आणि हे बघ, दर थोड्या धाग्यांनी एक जाड धागा घातलाय. उभा बी आणि आडवा बी. चौकडा झालाय."

हे मला कार्डावर वाचून माहीत होतं. याला रिपस्टॉप म्हणतात. बारीक कापड एकदा टरकलं की फाटत जातं. मध्ये जाड धाग्याची जाळी असली की फाट त्या धाग्यापाशी येऊन अडकते. मी ते सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात आण्णाच म्हणाले, "फाटलं तर एवढ्या चौकोनातच फाटंल. डोकं लावलंय."

मग त्यांनी तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. घसरून गेलं. "अळवावरचं पाणी," म्हणाले.

खरं तर या एका शब्दात निम्मं शास्त्र आहे. अळूचं पान पाण्याला चिकटू देत नाही, कारण त्यावर मेणाचा थर असतो आणि तो थर सपाट नसतो, सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा अडकलेली असते. पाण्याला स्वतःचाच लळा जास्त (पृष्ठताण म्हणतात तो), त्यामुळे थेंब पसरण्याऐवजी गोल होतो आणि घरंगळतो. कमळाचंही तसंच. जर्मनीच्या बार्थलॉट आणि नाइनहाउस या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हे नीट मांडलं, तेव्हापासून त्याला 'लोटस इफेक्ट' म्हणतात. आपण अळूची भाजी इतकी खातो, तर 'अळू इफेक्ट' म्हटलं असतं तरी चाललं असतं. असो.

जॅकेटच्या वरच्या कापडालाही असाच पाणी झटकणारा लेप दिलेला असतो. पण पाणी अडवायचं खरं काम हा लेप करत नाही. ते करतो त्याच्या आत चिकटवलेला एक पातळ पडदा. त्याची गोष्ट मला फार आवडते.

१९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला अपघाताने पीटीएफई नावाचं प्लॅस्टिक मिळालं. आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन ते हेच. त्याच ड्यूपाँटमध्ये पुढे बिल गोर नावाचा इंजिनिअर होता. १९५८ मध्ये त्याने नोकरी सोडून बायकोबरोबर घराच्या तळघरात कंपनी काढली. त्यांचा मुलगा बॉब. १९६९ मध्ये हा बॉब टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून लांब करायच्या खटपटीत होता. सावकाश, सांभाळून ताणल्या की तुटायच्या. शेवटी वैतागून त्याने एक कांडी जोरात हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही. जवळपास दहापट लांब झाली! आणि लांब होताना आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. गोरटेक्स ते हेच. १९७६ पासून त्याचे पावसाळी कपडे बाजारात आले.

आता हा पडदा पाणी अडवतो आणि वाफ सोडतो, म्हणजे नक्की काय करतो? कॉलेजातलं एक सूत्र आठवतंय का बघा. पाणी न चिकटणाऱ्या छिद्रातून पाणी ढकलायचं तर दाब लागतो. छिद्र जितकं बारीक, तितका दाब जास्त. छिद्र एक मायक्रॉनचं धरलं, टेफ्लॉनवर थेंबाचा कोन ११० अंशांच्या आसपास असतो तो घातला, आणि गणित केलं, तर दाब येतो साधारण १०० किलोपास्कल. म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. म्हणजेच १०,००० मिमी! कार्डावरचा आकडा असा हातावर सुटला तेव्हा मला परीक्षेत उत्तर जुळल्यासारखा आनंद झाला. छिद्र अर्ध्या मायक्रॉनचं केलं की २०,००० मिमी. माझं जॅकेट. आणि वाफेचे रेणू सुटे असतात, एका छिद्रातून हजारोंनी जाऊ शकतात. थेंब अडतो, वाफ निसटते.

हे सगळं मी आण्णांना समजावून सांगितलं. मोठ्याने, हातवारे करत. मागवाल्यांच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात, शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. शेवटी मी म्हटलं, "मग पाणी आत आलं कसं? माल डिफेक्टिव्ह आहे."

आण्णा म्हणाले, "बाहेरनं न्हाई आलं. आतनं आलं. घाम हाय तुझा."

"पण वाफ बाहेर जायला पाहिजे ना! त्याचसाठी तर तेरा..." मी जीभ चावली. आईने स्वयंपाकघरातून मान वळवली.

आण्णा हसले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. म्हणाले, "पावसाळ्यात मागाच्या शेडमधी घाम वाळतोय व्हय?"

यातली मेख मागाच्या गावाबाहेर फारशी माहीत नसते, म्हणून सांगतो. सुती धाग्याला ओल मानवते. कापूस ओल धरतो तेव्हा जास्त मजबूत होतो, कोरडा पडला की ठिसूळ होऊन तटातटा तुटतो. म्हणून शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवतात. उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारतात. सुताला बरं म्हणून माणसं दमटात उभी राहतात. बनियन अंगाला चिकटलेलं, घाम येतोय पण वाळत नाही. पंखा लावला तर धागे हलतात, म्हणून पंखाही बेताचाच. आण्णांनी त्या हवेत तीस वर्षं काढली. घाम वाळणं हे कपड्याच्या हातात नसून बाहेरच्या हवेच्या हातात असतं, हे त्यांना पाठीने माहीत होतं.

रात्री लॅपटॉप काढून आकडे मांडले. वाफ पडद्यातून आपणहून जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच जाते, उतारावरून पाणी जातं तशी. जॅकेटच्या आत ३० अंश तापमान आणि घामाने भरलेली हवा धरली तर वाफेचा दाब ४.२४ किलोपास्कल. युरोपातल्या डोंगरात ५ अंशांचा थंड पाऊस पडतोय म्हणा, तिथे बाहेरची हवा पूर्ण दमट असली तरी दाब फक्त ०.८७. फरक ३.३७. मस्त उतार! आता पाचनईची वाट, जुलै, २२ अंश, ढगातच चालतोय. बाहेरचा दाब २.६४. फरक १.६०. निम्म्याहूनही कमी. आणि हेच जॅकेट घालून मुंबईत २८ अंशांच्या पावसात लोकलमधून उतरलात, तर बाहेर ३.७८, फरक ०.४६. युरोपाच्या सातवा हिस्सा. पडदा तोच, छिद्रं तीच. उतारच नाही, तर वाफ जाणार कुठे?

मग ते १५,००० ग्रॅम आले कुठून? अशा आकड्यांसाठी वापरली जाणारी एक जपानी चाचणी आहे. तिच्यात कापडाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पोटॅशियम ॲसिटेटचं संपृक्त द्रावण ठेवतात. हे द्रावण इतकं तहानलेलं असतं की त्याच्या लगतच्या हवेची आर्द्रता २३ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे राजस्थानातली मे महिन्यातली दुपार. त्या हवेत कापडाने तासाला चौरस मीटरमागे ६२५ ग्रॅम वाफ सोडली. चढावर पाठीवर बॅग घेऊन माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. म्हणजे वाळवंटातल्या हवेतसुद्धा हिशोब काठावर होता, आणि मी ते घेऊन ढगात शिरलो होतो.

आमच्याकडे डेव्हलपर म्हणतो ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" तसंच. कार्ड खोटं नव्हतं. फक्त ते दुसऱ्याच्या मशीनवरचं होतं.

सकाळी आण्णा जॅकेट घेऊन परत गच्चीवर. "ही चेन कशाला?" त्यांनी विचारलं. काखेत, शिवणीच्या आडोशाला, काखेपासून कमरेकडे जाणारी एक वीतभर लांब चेन होती. दोन्ही बाजूंना. मी ती महिनाभरात एकदाही बघितली नव्हती. मॅन्युअल न वाचता बग रिपोर्ट लिहिणाऱ्या लोकांवर मी हापिसात किती हसलोय ते आठवलं... ही चेन उघडली की चालताना हात हलतात, त्याबरोबर गरम हवा भात्यासारखी बाहेर फेकली जाते आणि गार हवा आत येते. पडदा जे रेणूरेणूने करतो ते दोन भोकं ढिगाने करतात. जॅकेट बनवणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्याने उपायही शिवून ठेवला होता.

मग गप्पा घोंगडीवर गेल्या. कपड्याच्या धाग्यात हवेतली किती ओल मुरते याचे आकडे ठरलेले आहेत. मध्यम दमट हवेत कापूस वजनाच्या ७-८ टक्के ओल धरतो, लोकर १४ ते १६, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर अवघं ०.४ टक्के. लोकर तर पूर्ण दमट हवेत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेते आणि हाताला ओलीही लागत नाही. गंमत म्हणजे तिच्या तंतूचा वरचा थर तेलकट, खवल्याखवल्यांचा असतो. तो थेंबाला झटकतो, पण आतला गाभा वाफेला ओढून घेतो. आणि वाफ पोटात घेताना लोकर चक्क उष्णता बाहेर टाकते. पाचनईच्या मामांचा हात गरम होता त्याचं थोडं कारण हे. बाकीचं कारण म्हणजे घोंगडी अंगाला घट्ट नसते, खालून हवा खेळती असते. आणि मामा उतारावर निवांत चालले होते, माझ्यासारखे चढावर धापा टाकत नव्हते. दख्खनी मेंढीची भरड लोकर, खड्ड्यातला माग, वर चिंचोक्याची खळ. पुठ्ठ्याचं कार्ड नाही. पण उगाच उदात्तही करत नाही, भिजलेल्या घोंगडीचं वजन एकदा उचलून बघा. मामा ती पाठीवर घेऊन कोकणकड्यावर सेल्फी काढायला जात नाहीत.

पॉलिएस्टरच्या ०.४ टक्क्यांचं मला नेहमी नवल वाटायचं. जे कापड पाणी पीतच नाही ते 'घाम शोषतं' कसं? तर शोषत नाहीच. घाम धाग्याच्या आत शिरत नाही, दोन धाग्यांमधल्या फटींतून केशाकर्षणाने पसरतो. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसा. काही धाग्यांना तर त्यासाठी लांबीभर पन्हळी पाडलेल्या असतात. घाम पसरला की पृष्ठभाग वाढतो, पृष्ठभाग वाढला की लवकर वाळतो. सुती बनियन मात्र घाम पिऊन बसतं, फुगतं, अंगाला चिकटतं. म्हणूनच धावायला पॉलिएस्टर बरं. उलट उन्हाळ्यात घरात बसायला सुती, कारण ते थोडी थोडी ओल सतत पोटात घेत राहतं. आण्णांना मी मागच्या वर्षी फिरायला जायला तसला टी-शर्ट आणला होता. दोन महिने घातला आणि एक दिवस फरशी पुसायला दिला. "वाळतोय चांगला, पर वास मारतोय," म्हणाले. हेही खरं आहे. घामातलं तेल पॉलिएस्टरला चिकटून बसतं, धुण्यात सहज निघत नाही, आणि जंतूंची चंगळ होते.

हे पॉलिएस्टर १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलं. तिकडे त्याचं नाव टेरिलीन. त्यात कापूस मिसळून आपल्याकडे टेरिकॉट आलं, आणि इस्त्री न मोडणाऱ्या त्या कापडाने साऱ्या देशाला वेड लावलं. आण्णांची लग्नातली टेरिकॉटची पँट अजून ट्रंकेत आहे. घडी तशीच.

"म्हंजे सुताचा जमाना गेला म्हण," आण्णा म्हणाले. हसून म्हणाले, पण भिंगाची घडी घालत म्हणाले. भंगारात गेलेल्या मागांवर आयुष्यभर सूतच चाललं होतं.

तेव्हा मी त्यांना व्हेंटाइलची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक विमान पडून उत्तरेच्या बर्फगार समुद्रात पडायचे आणि काही मिनिटांत गारठून मरायचे. त्यांना असा सूट हवा होता जो विमानात घालून बसता येईल, आत घामाने उकडणार नाही, आणि पाण्यात पडल्यावर मात्र पाणी आत येऊ देणार नाही. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने त्यासाठी जे कापड काढलं ते शंभर टक्के सुती होतं! लांब तंतूचा उत्तम कापूस, अतिशय ठासून विणलेला. कोरडं असताना त्यातून हवा जाते. ओलं झालं की कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो, धाग्यांमधल्या फटी बुजतात आणि कापड स्वतःच दार लावून घेतं. पूर्वी ट्रकच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकवलेली असायची, ती गळत नसे ते याच कारणाने. जो कापूस पाणी पितो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, त्याच गुणावर माणसं वाचली.

आण्णांनी गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "एवढं ठासून बसवायचं म्हंजे फणीला लई मार. जॉबर चांगला असणार त्यांचा."

मला पुढे काही बोलता येईना. ही गोष्ट मी निदान दहा ठिकाणी वाचली होती. कापूस, शास्त्रज्ञ, वैमानिक, सगळ्यांचा उल्लेख होता. तो माग रोज कोण चालू ठेवत होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आता दुसरी कबुली. पहिलीपेक्षा अवघड.

पुण्यात इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी होस्टेलवर सगळे एकमेकांना विचारायचे, वडील काय करतात. कुणाचे डॉक्टर, कुणाचे बँकेत. मी सांगितलं, टेक्स्टाइल इंजिनिअर. आण्णा मला सोडायला आले होते, पाच-सात फुटांवर गादीची वळकटी सोडत होते. खोलीत गोंगाट होता, त्यांना ऐकू जाणार नाही याची मला खात्री होती. आणि नाहीच ऐकू गेलं. पण ते माझ्याकडे बघत होते. पुढे केव्हातरी, खूप उशिरा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की शेडमध्ये तीस वर्षं काढलेली माणसं कानाने ऐकतच नाहीत. ती ओठ वाचतात.

त्यांनी त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही.

जॅकेटचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. आईने ते नेहमीच्या साबणाने खसाखसा धुतलं होतं, त्यामुळे अळवाचा लेप थोडा मवाळ झाला. साबणाचा अंश कापडात राहिला की पाणी चिकटायला लागतं, वरचं कापड ओलं होऊन बसतं आणि मग पडद्याबाहेर वाफेला जायला वाटच उरत नाही. लेबल बघून, नीट खळबळून, मंद इस्त्री फिरवली तर बरंचसं परत येतं. आलं. या लेपांची दुसरीही एक बाजू आहे. वर्षानुवर्षं ते फ्लोरिनच्या अशा रसायनांचे बनत आले जी निसर्गात कुजतच नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठत राहतात. त्यातल्या पीएफओए नावाच्या रसायनावर २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात जागतिक बंदीचा निर्णय झाला. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांचे बहुतेक कपडे विकायला मनाई आहे. गोरटेक्सवाल्यांनीही २०२२ पासून काही मालात टेफ्लॉनऐवजी पॉलिएथिलीनचा पडदा आणला. नवे लेप पाणी झटकतात पण तेल तितकं झटकत नाहीत, म्हणून जास्त वेळा धुवावे लागतात. थोडी जास्त धुणी. परवडेल.

ऑगस्टमध्ये परत हरिश्चंद्रगडावर गेलो. काखेच्या चेनी उघड्या, आत पातळ टी-शर्ट, चाल निम्मी. भिजलो, पण गारठलो नाही. पाचनईचे मामा भेटले नाहीत.

परवा घरी असताना तोच होस्टेलचा मित्र व्हिडिओ कॉलवर होता. त्यालाही असलंच जॅकेट घ्यायचं होतं. मी वाफेचा उतार, चाचणीतली कोरडी हवा, चेन, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे रे, काका टेक्स्टाइल इंजिनिअर ना, तुला हे घरातूनच."

आण्णा समोर पेपर वाचत बसले होते. मी फोन जरा खाली धरला, त्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणालो, "इंजिनिअर नाहीत. आण्णा जॉबर होते. इचलकरंजीत, साध्या मागावर, तीस वर्षं. मी तेव्हा खोटं सांगितलं होतं."

मित्र क्षणभर गप्प झाला, मग "ओके रे" म्हणाला आणि जॅकेटच्या साइझवर आला. आण्णांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, परत घातला.

"चहा टाकायला सांगू काय रं?" म्हणाले. आणि मग आत वळून, नेहमीसारखं ओरडून, "अगं, दोन कप टाक! आणि ह्याला इचार जॅकेट खरं केवढ्याला घेतलं ते!"